बस्स!

मोटार चालविणे अवघड आहे असे जे म्हणतात, त्यांच्यावर ती गॅरेजमध्ये नेऊन उभी करण्याचा प्रसंग कधी आला नसावा, असे आम्हांस वाटते. रस्त्यावर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कोठेतरी मोकळी जागा असते. आणि समोरून येणारा मनुष्यही, निदान स्वतःचा जीव राखण्यापुरते, आपल्याला साह्य करीतच असतो. गॅरेजची भिंत असे काही करीत नाही. ती एक इंचही मागे सरत नाही, आणि आपण तिच्यापासून किती अंतरावर आहोत हे सांगतही नाही. अभिमन्यूस चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती. आमची गोष्ट उलटी आहे. बाहेर पडावयास आम्हांस उत्तम येते. परंतु आत शिरल्यावर नेमके कोठे थांबावे, हे जवळजवळ चाळीस वर्षे मोटार हाकूनही आम्हांस पुरतेपणी उमजलेले नाही.

आमच्या या अडचणीचे मूळ आमच्या आजोबांच्या दूरदृष्टीत आहे. त्यांनी १९३८ साली पुण्यास घर बांधले, तेव्हा त्याच्या उजव्या अंगास एक गॅरेजही बांधून घेतले. मोटार त्यांच्यापाशी नव्हती, आणि पुढेही कधी झाली नाही. पण पुढेमागे घरात कोणी घेईल, म्हणून त्यांनी शेजारच्या डॉक्टरांची बेबी ऑस्टिन टेप लावून मोजली. ती नऊ फुटांच्या आसपास भरली. तीत उदार मनाने पाच फूट मिळवून त्यांनी चौदा फूट लांबीचे गॅरेज बांधविले. आपल्या वंशात याहून मोठे वाहन कोणी बाळगील, अशी कल्पना त्यांच्या मनास शिवली नसावी. पुढील चाळीस वर्षे त्या गॅरेजात जळाऊ लाकडे, दोन सायकली आणि आम्हां भावंडांचा पाळणा एवढी वाहने सुखाने नांदली. त्याची मागली भिंत साडेचार इंची विटांची होती. आणि त्या भिंतीच्या पलीकडे, मागल्या अंगणात, भांडी घासण्याची मोरी होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आम्ही ती ठेविली नाही.

आमचे वडील आणि हे घर एकाच वर्षाचे. त्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणतो. ते पाटबंधारे खात्यात अभियंते होते, आणि १९७८ साली त्यांनी मुंबईहून एक जुनी फियाट आणिली. तिची लांबी जवळजवळ तेरा फूट होती. म्हणजे चौदा फुटांत तेरा फूट बसवून जो सुमारे एक फूट उरे, त्याची वाटणी मागे व पुढे करावयाची. पुढे वीतभराहून अधिक जागा सोडली तर मागे दाराच्या फळ्या लागत नसत. आणि मुळीच सोडली नाही तर बंपर भिंतीस लागे. दुसरा कोणी असता तर त्याने मोटार रस्त्यावरच ठेविली असती. पण धरणाच्या सांडव्याचे माप इंचा-इंचाने घेणाऱ्या मनुष्यास चौदा फुटांच्या भिंतीपुढे हार कशी मानवणार? फियाट रोज रात्री आत जाई आणि रोज रात्री दार लागे.

यातील खरी अडचण अशी की, ज्या ठिकाणी टक्कर व्हावयाची ते ठिकाण चालकास कधीच दिसत नाही. बंपर बोनेटच्या आड असतो. इतकेच नव्हे, तर बंपरापुढील काही फूट जमीनही बोनेट झाकून टाकते. डोळ्यांना अंतर समजत नाही असे नाही. एडिंबरो येथील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ साली एका निबंधात असे दाखविले की, ब्रेक दाबताना चालकास अंतराचे आणि वेगाचे वेगळे गणित करावे लागत नाही. समोरच्या वस्तूचे चित्र डोळ्यांत ज्या गतीने मोठे होत जाते, तिच्यावरूनच ती वस्तू गाठावयास किती क्षण उरले आहेत हे कळू शकते. हमरस्त्यावर हे ठीक आहे. परंतु गॅरेजातील शेवटच्या वीतभर अंतरात त्याचा उपयोग किती? भिंत दिसते ती काचेतून. तिला लागणार तो बंपर. आणि तो तर डोळ्यांच्या टापूतच नाही. तेव्हा येथे दुसऱ्या कोणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागतात.

आम्हांस असे डोळे मिळाले ते अण्णांचे. १९८६ साली, आमच्या वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी आम्हांस मोटार चालविण्यास शिकविले, आणि गॅरेजात शिरताना ते स्वतः मागल्या भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात उभे राहू लागले. “येऊ दे... येऊ दे... हळू... येऊ दे...” असा त्यांचा स्वर संथपणे चाले, आणि मग एकाएकी, एखाद्या लेखाच्या शेवटी पूर्णविराम पडावा तसा, “बस्स!” त्या शब्दात राग नसे, घाई नसे, शंकाही नसे. पहिल्या आठवड्यात आम्ही भीतीने दोन हात अलीकडेच थांबत असू. तेव्हा ते शांतपणे म्हणत, “अजून बस्स म्हटलं नाही मी.” आपणांस थांबविणारा मनुष्य समोर उभा आहे आणि तो योग्य वेळी थांबवील, एवढा भरवसा असल्यावर पुढे जाण्यास किती धीर येतो, हे आम्ही त्या अंधाऱ्या गॅरेजात शिकलो. पुढे विद्यापीठात पुष्कळ शिकलो. पण इतके पक्के थोडेच शिकलो.

घरात उभे राहण्यास कोणी नसेल त्या वेळेसाठी अण्णांनी एक युक्ती केली होती. मोटार एकदा अगदी योग्य जागी उभी करून त्यांनी छताच्या तुळईस एक सुतळी बांधली आणि तिच्या टोकास टेनिसचा एक जुना चेंडू असा लोंबकळत ठेविला की, तो चालकाच्या डोळ्यांसमोर पुढच्या काचेस नुसता टेकावा. दुसऱ्या दिवसापासून चेंडू काचेस टेकला की थांबावयाचे. ही युक्ती जगात ठिकठिकाणी लोकांनी केलेली आहे आणि तिच्यात नवल असे काही नाही. पण तिच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते आम्हांस फार आवडते. जे दिसत नाही त्याची खूण, जे दिसते त्याच्यावर आणून ठेवावयाची. बंपर आणि भिंत यांची भेट दिसत नाही. चेंडू आणि काच यांची भेट दिसते. दोन्ही एकाच क्षणी घडतात. मात्र ही खूण एका गाडीपुरतीच खरी असते. १९९४ साली फियाट जाऊन मारुती आठशे आली. ती अकरा फुटांच्या आतलीच. गॅरेजात एकदम इतका ऐसपैसपणा आला की, चेंडूची गरजच उरली नाही. तरीही अण्णांनी स्टूल मांडून सुतळी सोडली आणि नव्या गाडीच्या मापाने चेंडू पुन्हा बांधला. “खूण खोटी ठेवू नये,” एवढेच ते म्हणाले.

२०१२ साली आम्ही तिसरी मोटार घेतली. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर. या आकड्याचीही एक कथा आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क शेकडा चोवीसावरून सोळावर आणले गेले, आणि लहान मोटार म्हणजे चार मीटरांहून लांब नसलेली, ठराविक मर्यादेच्या आतील इंजिनाची, अशी व्याख्या झाली. त्याबरोबर देशातील कारखानदारांनी आपल्या गाड्यांच्या शेपट्या छाटावयास आरंभ केला. चार मीटरांत पाच मिलिमीटर कमी! सरकारने कागदावर एक भिंत घातली, आणि तिच्यापासून बोटभरही दूर नव्हे, पण तिला न शिवता, सगळे कसे नेमके थांबले! जेथे पैशाची भिंत असते तेथे थांबण्याचे ज्ञान मनुष्यास उपजतच असते, असे दिसते. आमच्या गॅरेजच्या दृष्टीने मात्र चार मीटर म्हणजे तेरा फूट दीड इंच. फियाटचे दिवस परत आले. अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा स्टूल मांडले.

थांबण्याची जागा चुकली तर काय होते, याची मोठी उदाहरणे रेल्वेच्या इतिहासात आहेत. १८९५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ तारखेस ग्रांव्हीलहून पॅरिसला येणारी आगगाडी मोंपार्नास स्थानकात थांबलीच नाही. गाडीस उशीर झाला होता आणि तो भरून काढण्यासाठी ती वेगाने आत आली. शेवटचा अडसर मोडून, फलाटापलीकडची मोकळी जागा ओलांडून आणि दर्शनी भिंत फोडून इंजिन खाली रस्त्यावर कोसळले. भिंतीतून तिरपे लोंबणाऱ्या त्या इंजिनाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मुंबईसही २०१५ सालच्या जूनमध्ये चर्चगेट स्थानकात एक लोकल गाडी शेवटचा अडसर ओलांडून फलाटावर चढली होती, आणि काही जण जखमी झाले होते. पण मोंपार्नासच्या प्रसंगातील जी गोष्ट छायाचित्रात दिसत नाही ती ही की, गाडीतील प्रवाशांपैकी कोणीही दगावले नाही. मेली ती खाली रस्त्यावर उभी असलेली एक स्त्री. आपल्या नवऱ्याच्या जागी ती त्या दिवशी वर्तमानपत्रे विकावयास उभी होती. गाडीशी तिचा काही संबंध नव्हता.

ही कथा आम्ही वर्गात कित्येकदा सांगितली आहे. सांगताना आपल्या घरामागच्या मोरीची आठवण आम्हांस एकदाही झाली नाही.

अण्णा ऐंशीच्या घरात आले तेव्हा प्रथम फाटकाच्या खांबावर एक ओरखडा दिसला. मग बाजूचा आरसा दुमडला गेला. मग एकदा चेंडू काचेस टेकून तिच्यावरून वर सरकला आणि टपावर जाऊन बसला. बंपर भिंतीस लागून चुना पडला. अण्णांनी तो हाताने पुसला आणि कोणास काही सांगितले नाही. आम्हीही पाहिले आणि काही बोललो नाही. मोटार चालविण्यास आपल्या कायद्याने वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. ठराविक मुदतीने परवाना नवा करावयाचा आणि त्याबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावयाचे. ते त्यांस मिळाले होते. तेव्हा कायदाही “बस्स” म्हणावयास तयार नव्हता. राहता राहिलो आम्ही.

आणि आम्ही काय केले? आम्ही सुताराकडून सागवानी ठोकळा करवून आणला आणि चाक जेथे थांबावयास हवे तेथे जमिनीत पक्का बसविला. चेंडूला तांबडा रंग दिला. भिंतीवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटविल्या. शेवटी मोटारीच्या पुढच्या अंगास अंतर सांगणारी यंत्रे बसवून आणली. ही यंत्रे मोठी गमतीची असतात. माणसाच्या कानास सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. ही यंत्रे साधारण चाळीस हजार कंपनांचा ध्वनी सोडतात, आणि वटवाघळाप्रमाणे त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतात. एक मीटरवरील भिंतीपर्यंत जाऊन परत यावयास त्या ध्वनीस सुमारे सहा सहस्रांश सेकंद लागतात. अंतर कमी होईल तशी आतील शिटी जलद वाजू लागते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीस मागच्या बाजूस अशी यंत्रे बसविणे सक्तीचे झाले. पण आमची मोटार त्यापूर्वीची, आणि आमची भिंत पुढच्या बाजूस. म्हणून ती वेगळी बसवावी लागली. आम्ही मोठ्या उत्साहाने अण्णांस ती वाजवून दाखविली. त्यांनी मान हालविली. उतारवयात कान प्रथम उंच स्वरांना पारखे होतात, हे आम्ही वाचलेले होते. त्यांस ती शिटी धड ऐकूच येत नव्हती, हे मात्र आम्हांस पुढे कळले.

आज मागे वळून पाहता आम्हांस स्पष्ट दिसते की, ठोकळा, रंग, पट्ट्या आणि यंत्रे यांवर आम्ही जे काही हजार रुपये खर्च केले, ते सारे एक शब्द उच्चारावा लागू नये म्हणून केले. आमच्या समाजात वडीलधाऱ्यांस “पुरे” म्हणण्याची रीत नाही. पंगतीत वाढणारा आग्रह करतो आणि जेवणारा तोंडाने नाही न म्हणता पानावर हात आडवा धरतो. सभेत अध्यक्ष दीड तास बोलतात आणि आपण घड्याळ कानाशी धरून पाहतो. स्वतः आम्हांस वर्गात थांबविते ती घंटा, विद्यार्थी नव्हेत. त्यांची कितीही इच्छा असली तरी ते मर्यादशील असतात. ही मर्यादा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्या पांघरुणाखाली पुष्कळ भित्रेपणा सुखाने निजलेला असतो. अण्णांचे मन दुखवू नये, असे आम्ही स्वतःस सांगत होतो. खरे म्हणजे ते दुखावले गेल्यावर आमच्याकडे ज्या नजरेने पाहतील, ती नजर आम्हांस नको होती.

२०२० सालच्या जानेवारीत, एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, अण्णा भाजी घेऊन परतले. आम्ही वरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासीत होतो. इंजिनाचा आवाज गॅरेजात शिरला, मंदावला, आणि मग एकाएकी मोठा झाला. ब्रेकऐवजी पाय ॲक्सिलरेटरवर पडला होता. चाक सागवानी ठोकळ्यावरून उडून गेले आणि साडेचार इंची भिंत पलीकडे कोसळली. आम्ही जिना उतरून मागल्या अंगणात आलो तेव्हा विटांचा ढीग मोरीवर पडला होता, आणि त्याखाली तपेली, परात आणि पितळी डबा चेपून गेले होते. बावीस वर्षे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई तेथे नव्हत्या. राख संपली म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. राखेचे भांडे हातात घेऊन त्या दारात उभ्या होत्या.

अण्णांस काही लागले नव्हते. ते गाडीतून उतरून, पडलेल्या भिंतीच्या भोकातून मोरीकडे पाहत राहिले. आई आली, आमच्या सौभाग्यवती आल्या. कोणीतरी पाणी आणले. “कोणाला काही झालं नाही हे नशीब,” असे आम्ही म्हणालो. अशा वेळी सुशिक्षित मनुष्य हेच म्हणतो. मग त्या बाई दोन पावले पुढे आल्या. अण्णांसमोर त्यांनी इतक्या वर्षांत मान वर करून कधी भाषण केले नव्हते. आवाज न चढविता त्या म्हणाल्या,

“अण्णा, आता बास करा. उद्या मी हितंच बसणार हाय.”

अंगणात काही वेळ कोणी बोलले नाही. आम्ही अण्णांच्या तोंडाकडे पाहिले. ज्या नजरेस आम्ही तीन वर्षे भीत होतो, ती नजर तेथे नव्हतीच. उलट एखादे माप बरोबर जुळल्यावर त्यांचा चेहरा जसा शांत होई तसा तो झाला. त्यांनी खिशातून किल्ली काढली. ती त्यांनी आमच्या हाती दिली नाही. मोरीच्या कट्ट्यावर, विटांच्या चुऱ्यात, त्या बाईंच्या पुढे ठेविली. बाई गोंधळल्या. त्यांनी ती पदराने पुसली आणि आईच्या हातात दिली. त्यानंतर अण्णांनी मोटार चालविली नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मोंपार्नासच्या रस्त्यावरील ती स्त्री आमच्या डोळ्यांपुढे येत होती. पंचवीस वर्षे तिची गोष्ट सांगून आम्ही तिच्यापासून काहीच शिकलो नव्हतो. भिंतीच्या अलीकडे कोणाचे मन दुखावेल याचा विचार आम्ही रात्रंदिवस केला. पलीकडे कोण बसले आहे, याचा केला नाही. जे दिसत नाही त्याची खूण दिसणाऱ्या वस्तूवर ठेवावी, हे तत्त्व आम्हांस फार आवडते असे वर लिहिले आहे. ती खूण फाटकाच्या ओरखड्यावर आणि भिंतीच्या पडलेल्या चुन्यावर आम्हांस कधीचीच दिसत होती. आमच्यापुरता तो चेंडू तीन वर्षे काचेस टेकलेलाच होता.

एकदा केव्हा तरी धीर करून आम्ही अण्णांस विचारले, “मी आधी सांगितलं असतं तर तुम्हांला राग आला असता का?” ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “आला असता. चार दिवस.” आणि मग, जरा थांबून, “तुला शिकवताना मी कधी उशिरा बस्स म्हटलं होतं का रे?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

भिंत पुन्हा बांधली, ती नऊ इंची. मोरी मात्र होती तेथेच आहे. जागा बदलावी असे आम्ही सुचविले तेव्हा बाईंनीच नको म्हटले, कारण तेथे सकाळी ऊन येते. नऊ इंची भिंतीने गॅरेजची लांबी साडेचार इंचांनी कमी झाली, आणि जुनी खूण खोटी ठरली. अण्णांस आता स्टुलावर चढवत नाही. म्हणून ते खाली उभे राहून सांगत होते आणि आम्ही चढून सुतळी बांधीत होतो. आज त्यांचे वय सत्त्याऐंशी आहे. संध्याकाळी महाविद्यालयातून आमची मोटार फाटकात शिरली की, ते काठी टेकीत गॅरेजात येतात आणि भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात उभे राहतात. चेंडू समोर असतो, यंत्राची शिटी वाजत असते. पण आम्ही शिटीकडे लक्ष देत नाही.

“येऊ दे... येऊ दे... हळू...”

आणि मग तो शब्द येतो. अद्याप तो कधी उशिरा आलेला नाही. आमचीही निवृत्ती आता दूर नाही, आणि पुढे केव्हा तरी आम्हांसही कोणी तो ऐकवावा लागेल. परवा आमच्या कन्येस आम्ही तसे स्पष्ट सांगून ठेविले. ती हसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हांला कोण सांगणार!” तिचा तो भित्रेपणा आम्ही तत्काळ ओळखला. तेव्हापासून रविवारी ती मोटार आत आणते त्या वेळी अण्णांच्या शेजारी आम्हीही उभे राहतो, आणि नंतर आम्ही आत बसून तिला भिंतीपाशी उभी करतो. तिने आम्हांस “बस्स” म्हणण्याची सवय आतापासून करावी, एवढाच यातील हेतू आहे. अद्याप ती तो शब्द फार लवकर उच्चारते.